घडीचा घोडा

दिवाळी जवळ आली की घरोघरी भिंतींना रंग देण्याची धांदल सुरू होते. रंगारी येतो, सामान खोलीच्या मध्यभागी सरकवून त्यावर जुनी चादर टाकतो आणि खांद्यावरून आणलेला आपला घोडा उभा करतो. हा घोडा म्हणजे माथ्याशी बिजागरीने जोडलेल्या दोन शिड्या. मिटला की एक जाडसर शिडी, उघडला की चार पायांचा उंच प्राणी! वर चढण्यापूर्वी रंगारी आणखी एक गोष्ट करतो, ती तुम्ही नीट पाहिली आहे का? तो दोन्ही शिड्यांचे पाय सुंभाच्या दोरीने एकमेकांना बांधतो. काही घोड्यांना दोरीऐवजी साखळी असते.

लाकडी आधाराला घोडा म्हणणारे आपण एकटेच नाही, बरे का! इंग्रज सुतारही त्याला घोडाच म्हणतो. फ्रेंच व स्पॅनिश भाषांतील शब्दांचा मूळ अर्थ ‘लहान घोडा’ असा आहे. जर्मन सुताराने मात्र त्याला ‘बॉक’, म्हणजे चक्क बोकड केले. आणि चित्रकार ज्यावर चित्र ठेवतो तो ‘ईझल’ हा शब्द डच भाषेतील गाढवावरून आला आहे. ओझे वाहणारा चार पायांचा प्राणी सर्वांनाच आठवला, एवढे खरे.

खरा घोडा रात्री तबेल्यात उभा राहतो. कारागिराच्या घोड्याला मात्र रोज नव्या घरी जायचे असते. जिना चढायचा असतो, सायकलला बांधून घेऊन जायचे असते. म्हणून त्याची घडी व्हावी लागते. पण अडचण अशी, की जी वस्तू घडी होण्यासाठीच बनवली आहे ती काम चालू असताना घडी होता कामा नये. वर माणूस उभा आहे, हातात करवत किंवा रंगाचे डबडे आहे, आणि खालचा आधार मिटू किंवा फाकू लागला, तर काय होईल हे सांगायला नको. सांधा हवा आणि नकोही, अशी ही पंचाईत आहे. कारागिरांनी आणि इंजिनियरांनी ती कशी सोडवली, ते पाहू.

प्रथम रंगाऱ्याची दोरी घेऊ. समजा, घोडा २ मीटर उंच आहे आणि त्याचे पाय जमिनीवर १ मीटर फाकले आहेत. माथ्यावर बसलेला रंगारी, त्याचे डबडे, ब्रश असे सारे मिळून वजन ८० किलोग्रॅम आहे. घोड्याचे स्वतःचे वजन तूर्त सोडून देऊ. प्रत्येक बाजूच्या पायांवर ४० किलोग्रॅमचा भार येतो. पण पाय तिरपे असल्यामुळे हा भार त्यांना नुसता खाली दाबत नाही, बाहेरही ढकलतो. हा बाहेरचा रेटा किती? फाकलेल्या अंतराचे निम्मे करा, त्याला उंचीने भागा, आणि एका बाजूच्या भाराने गुणा. येथे अर्धे अंतर ०.५ मीटर, उंची २ मीटर, भागाकार ०.२५. म्हणून रेटा झाला १० किलोग्रॅम वजनाइतका. तेवढ्याच उंचीच्या घोड्याचे पाय २ मीटर फाकलेले असतील तर हाच रेटा २० किलोग्रॅम होईल, ३ मीटर फाकलेले असतील तर ३० किलोग्रॅम.

दोरी नसेल तर हा रेटा अडवण्याचे काम फरशीच्या घर्षणाला करावे लागते. घर्षण हे दाबाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही शिकला आहात. दाब ४० किलोग्रॅम आणि रेटा १० किलोग्रॅम, म्हणजे घर्षणांक निदान ०.२५ हवा. गंमत अशी की या हिशेबात रंगाऱ्याचे वजन कोठेच उरत नाही! तो किडकिडीत असो की पैलवान, रेटा जितका वाढतो तितकेच घर्षणही वाढते. घोडा घसरणार की नाही हे ठरते ते केवळ पाय किती फाकले आहेत आणि फरशी कशी आहे यांवर. “मी हलका आहे, मला काही होणार नाही,” असे म्हणून बिनदोरीच्या घोड्यावर चढणाऱ्याचे गणित कच्चे आहे. कोरड्या, खरखरीत शहाबादी फरशीवर लाकूड सहसा सरकत नाही. पण गुळगुळीत फरशीवर खरवडलेल्या चुन्याची भुकटी पडली असेल, वर पाण्याचे चार थेंब सांडले असतील, तर घर्षणांक झपाट्याने खाली येतो. रंगकाम चालू असलेल्या खोलीत नेमके हेच असते.

मग पाय जवळजवळच ठेवले तर? रेटा कमी होईल हे खरे, पण घोडा कलंडण्याची भीती वाढेल. रंगारी कोपऱ्यातल्या जाळ्याकडे हात लांबवतो तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य बाजूला सरकतो. त्यातून सोडलेला ओळंबा पायांच्या बाहेर पडला की घोडा उलटलाच. तेव्हा पाय फाकवायचे, आणि फाकण्याचा रेटा दोरीवर सोपवायचा, हेच शहाणपणाचे.

ही दोरी कोठे बांधावी, यालाही महत्त्व आहे. ती पायांच्या अगदी टोकाशी बांधली तर आपल्या उदाहरणात तिच्यावर १० किलोग्रॅमचा ताण येतो. चालताना पायात अडकते म्हणून कोणी ती निम्म्या उंचीवर बांधली, तर ताण दुप्पट, म्हणजे २० किलोग्रॅम होतो. माथ्यापासून पाव अंतरावर बांधली तर ४० किलोग्रॅम. कारण प्रत्येक शिडी माथ्याच्या बिजागरीभोवती फिरू पाहते आणि दोरी तिला परत ओढते. परिबल तेच, पण बिजागरीपासूनचे अंतर कमी झाले, म्हणून ओढ वाढवावी लागते. दाराच्या बिजागरीजवळ हात ठेवून दार लोटून पाहा, म्हणजे हे एका क्षणात पटेल. बाजारातील काही घोड्यांना शोभेसारखी आखूड पट्टी अगदी माथ्याजवळ लावलेली असते. तिच्या खिळ्यांची मला नेहमी कीव येते.

आता सुताराचा ठेंगणा घोडा पाहू. असे दोन घोडे मांडून त्यांवर फळी टाकली की कामाचे मेज तयार. बांधकामावरची जमीन ओबडधोबड असते, आणि चार पायांची वस्तू तेथे हमखास डुगडुगते. तीन बिंदूंतून नेहमी एक प्रतल जाते, चौथा बिंदू त्याच प्रतलात असेलच असे नाही. म्हणूनच जमीन मोजणाऱ्याच्या दुर्बिणीला तीनच पाय असतात. मग सर्व घोडे तीन पायांचे का करीत नाहीत? ३० सेंटिमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ काढा. त्यात चौरस काढला तर मध्यापासून त्याची बाजू सुमारे २१ सेंटिमीटरवर येते. समभुज त्रिकोण काढला तर फक्त १५ सेंटिमीटरवर. म्हणजे तिपाई डुगडुगत नाही, पण लवकर कलंडते. दुर्बीण मुकाट्याने उभी राहते, सुतार मात्र करवतीने सारखे हिसके देतो. तेव्हा चौथा पाय हवाच, आणि त्याच्याखाली सारायला लाकडाची कपचीही हवी.

दोरीची एक उणीव आहे. ती पाय फाकू देत नाही, पण मिटू देते. कोणी घोड्याला बाजूने धक्का दिला तर दोरी सैल पडते. म्हणून अनेक घडीच्या आधारांना दोरीऐवजी मध्ये सांधा असलेली लोखंडी पट्टी लावतात. या पट्टीची करामत समजून घ्यायची तर ताठ उभे राहा आणि आपल्या गुडघ्याकडे लक्ष द्या. गुडघा हाही एक सांधाच, पण पाय सरळ केला की शरीराचे वजन त्याला वाकवत नाही, उलट ताठ ठेवते. म्हणून आपण फारसे श्रम न करता उभे राहू शकतो. वर्गात मागून येऊन गुडघ्याच्या खळीत हलकीच टिचकी मारण्याचा वात्रटपणा तुम्ही केलाच असेल! एवढ्याशा धक्क्याने भला दांडगा मुलगा मटकन खाली बसतो. गुडघा सरळ रेषेच्या जरा अलीकडे आला, आणि जे वजन त्याला ताठ ठेवीत होते तेच त्याला वाकवू लागले.

लोखंडी पट्टीचा सांधा अगदी असाच काम करतो. पट्टी उघडताना ती सरळ रेषेत येते, आणि मग रेषा ओलांडून किंचित पलीकडे जाऊन एका अडणीवर टेकते. आता पाय मिटू लागले तर पट्टी त्या अडणीवर अधिकच घट्ट दाबली जाते. पाय मिटवणाऱ्या बळानेच कुलूप लागते! काम संपले की एका बोटाने सांधा उलट्या दिशेने रेषेच्या पार ढकलायचा, की सारा सांगाडा मिटतो. पण त्या सांध्यात सिमेंटचा खडा किंवा वाळू अडकली, आणि पट्टी रेषेच्या अलीकडेच थांबली, तर? दिसायला घोडा उघडलेला दिसेल, पण त्याचे कुलूप लागलेले नसेल. जुना गवंडी पाय ठेवण्यापूर्वी सांध्यावर बुटाची टाच का आपटतो, त्याचे कारण हे आहे.

घडीचा प्रश्न सुटला तरी उंचीचा राहतोच. एकच घोडा आज कमरेएवढा हवा, उद्या गुडघ्याएवढा. गवंड्याच्या लोखंडी घोड्यात यासाठी एका नळीत दुसरी नळी सरकते. नळ्यांना ठरावीक अंतरावर भोके असतात, आणि हव्या त्या भोकातून आरपार खीळ घालतात. व्यवस्था सोपी आणि मजबूत, पण उंची टप्प्याटप्प्यानेच बदलते. दोन भोकांच्या मधली उंची हवी असेल तर काय करायचे? स्लॅब ओतताना खाली लावलेले लोखंडी टेकू पाहिलेत, तर त्याचे उत्तर सापडेल. त्यांत खीळ आहेच, शिवाय नळीवर आटे पाडून त्यांवर एक मोठी चाकी बसवलेली असते. खीळ त्या चाकीवर टेकते. चाकी फिरवली की टेकू केसाकेसाने वर चढतो. शाळेतील सूक्ष्मदर्शकाला दोन चाके असतात, एक ढोबळ सरकवण्याचे व एक बारीक, तसाच हा प्रकार. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या विल्यम द व्हिजिए यांनी १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये असे टेकू बनवून विकायला सुरुवात केली. त्यांच्या ‘ॲक्रो’ या कंपनीचे नाव त्या टेकूला इतके चिकटले की अनेक देशांतील बांधकामांवर ते टेकूचेच नाव झाले.

वर टनावारी वजन असताना ही चाकी आपोआप उलटी का फिरत नाही? आट्यांचा चढ अगदी थोडा असतो म्हणून. ३० मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर एका फेऱ्यात चाकी ५ मिलिमीटर चढत असेल, तर जवळजवळ ९४ मिलिमीटर चालून ५ मिलिमीटर चढ झाला, म्हणजे सुमारे ३ अंशांचा उतार. एवढ्या मंद उतारावरून लोखंडावरचे लोखंड घसरत नाही. येथे घर्षण हेच कुलूप आहे.

खिळीविषयी मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कारखान्याने दिलेली खीळ बहुधा साखळीने बांधलेली असते. तरी ती हरवते, आणि मग कोणीतरी हाताशी असलेला सळईचा तुकडा त्या भोकात घालतो. १२ मिलिमीटर जाडीच्या खिळीऐवजी ६ मिलिमीटरची सळई घातली तर ताकद निम्मी होईल, असे तुम्हाला वाटेल. पण कातरली जाणारी वस्तू तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर टिकते. जाडी निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाई. म्हणजे वरच्या माणसाच्या नकळत टेकूची ती जागा चौपट दुबळी झाली!

इंग्लंडचे नाव निघालेच आहे, तर तेथल्याच एका खुर्चीची हकिगत सांगतो. रॉन हिकमन हा दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात ग्रेटाउन येथे १९३२ साली जन्मलेला तरुण इंग्लंडला आला. तेथे फोर्ड मोटार कंपनीत तो नव्या गाड्यांचे मातीचे नमुने घडवू लागला. पुढे तो लोटस या छोट्या मोटार कंपनीत गेला. १९६२ साली बाजारात आलेली तिची ‘इलान’ ही हलकी, चपळ गाडी त्याच्या हातची. तिचे पुढचे दिवे दिवसा टोपणात लपत आणि रात्री वर येत. घडी घालण्याची हौस त्याला तेव्हापासूनच असावी!

१९६१ च्या सुमारास हिकमन आपल्या घरासाठी कपाट करीत होता. कापायचे लाकूड त्याने घरातील एका चांगल्या, महागड्या खुर्चीवर टेकवले आणि करवत चालवली. लाकूड कापले गेले, आणि त्याबरोबर खुर्चीही! आपण असतो तर घरच्यांची बोलणी खाऊन गप्प बसलो असतो. हिकमन विचार करू लागला. लाकूड कापताना ते टेकवायला घोडा लागतो, आणि ते घट्ट धरायला व्हाइस लागते. घोड्याला पकड नसते, आणि व्हाइस बसवलेले सुताराचे बाक इतके जड असते की ते जागचे हलत नाही. मग दोन्ही एकत्र करून त्याची घडी का घालता येऊ नये?

त्याने जे केले त्यातील खुबी अशी. मेजाचा वरचा भाग दोन लांब फळ्यांचा. या दोन फळ्या म्हणजेच व्हाइसचे दोन जबडे. निराळे व्हाइस बसवण्याची गरजच उरली नाही. पुढची फळी सरकवण्यासाठी दोन्ही टोकांना एकेक स्क्रू, आणि प्रत्येकाला स्वतंत्र दांडा. एक स्क्रू जास्त आणि दुसरा कमी फिरवला की फळ्यांमधली फट एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला अरुंद होते. त्यामुळे निमुळता तुकडासुद्धा घट्ट धरता येतो. नेहमीच्या व्हाइसला हे जमत नाही. पाय खाली मिटले की उंची सुमारे ६० सेंटिमीटर, म्हणजे गुडघा टेकवून करवत चालवण्याजोगी. पाय उघडले की सुमारे ८० सेंटिमीटर, म्हणजे उभ्याने रंधा मारण्याजोगी. आणि सगळे मिटवले की भिंतीवर टांगता येईल असा चपटा सांगाडा.

पण हलक्या मेजावर जोराने रंधा मारला तर मेजच पुढे सरकेल. जड बाक स्वतःच्या वजनाने जागी राहते, या मेजाला ते वजन कोठून आणायचे? हिकमनने खाली एक पायरी ठेवली. काम करताना तिच्यावर एक पाय रोवून उभे राहायचे. वजन हवे ना? ते कारागीर स्वतःबरोबर घेऊनच येतो की! ही युक्ती पाहून मला आपला सुतार आठवतो. जमिनीवर बसून, लाकूड तळपायाखाली दाबून किंवा पायाच्या बोटांत धरून तो पटाशी चालवतो. त्याचे व्हाइस, त्याचे बाक आणि त्याचे वजन सारे त्याच्या पायातच असते, आणि ते जिन्यावरून उचलून न्यावे लागत नाही.

आपले मेज घेऊन हिकमन हत्यारे बनवणाऱ्या कंपन्यांकडे गेला. स्टॅन्ली कंपनीने त्याला सांगितले, की अशी मेजे शेकड्यांनी नव्हे, डझनांनी खपतील. इतर काहींचे म्हणणे, ती खपणारच नाहीत. ब्लॅक अँड डेकर या कंपनीनेही प्रथम नकारच दिला. तेव्हा हिकमनने स्वतःच मेजे बनवून व्यापारी प्रदर्शनांतून थेट बांधकामावरच्या कारागिरांना विकायला सुरुवात केली. कारागिरांना त्याचा उपयोग समजावून सांगावा लागला नाही. रोज कोठे तरी फळी टेकवण्यासाठी जागा शोधणारी ती माणसे. त्यांचा कौल पाहून १९७० नंतरच्या पहिल्या तीनचार वर्षांत ब्लॅक अँड डेकरने मत बदलले आणि ‘वर्कमेट’ या नावाने कारखान्यात मेजे बनवणे सुरू केले. १९८१ पर्यंत अशी १ कोटी मेजे बनली होती. २०११ साली हिकमनचे निधन झाले तेव्हा हा आकडा सुमारे ३ कोटी असल्याचे वृत्तपत्रांत छापून आले. मधल्या काळात नक्कल करणाऱ्यांशी त्याला न्यायालयात झगडावे लागले. जे मेज कोणी घेणार नाही असे सांगत होते, ते चोरायला मात्र पुष्कळ जण निघाले!

घरच्या घरी करण्याजोगा एक प्रयोग देतो. माथ्यापासून पायापर्यंत ३० सेंटिमीटर भरतील अशा दोन लाकडी पट्ट्या घ्या. वरच्या टोकांना भोके पाडून त्या दोऱ्याने सैलसर बांधा. हा तुमचा घोडा एका काचेवर उभा करा. पाय बरोबर ३६ सेंटिमीटर फाकवले की माथा २४ सेंटिमीटर उंचीवर येईल, पायथागोरसच्या प्रमेयाने पडताळून पाहा. दोन्ही पायांच्या टोकांमध्ये दोरा बांधा आणि त्यात स्प्रिंगचा तराजू अडकवा. माथ्याला १ किलोग्रॅमचे वजन टांगा. घोडा बाजूला कलंडू नये म्हणून मित्राने माथ्याला नुसते बोट लावून ठेवावे. वर सांगितलेल्या रीतीने ताण ३७५ ग्रॅम यायला हवा. आता दोरा पट्ट्यांच्या मध्यावर बांधून पुन्हा मोजा, तो ७५० ग्रॅम यायला हवा. तराजू दोन्ही वेळा यापेक्षा थोडे कमी दाखवील. राहिलेला भार कोण उचलते आहे, हे काचेला तेलाचे बोट लावून आणि मग पुन्हा मोजून शोधून काढा.